झेरॉक्स आमची, पडदा साहेबांचा

कुठल्याही तहसील कचेरीसमोर झेरॉक्सची टपरी असतेच. काचेवर कागद चिकटवलेला असतो: 'डॉक्युमेंट या नंबरवर व्हॉट्सॲप करा.' रांगेतली बाई फोन काढते. आधार कार्ड, पासबुकचं पहिलं पान, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, सगळं त्या नंबरवर जातं. टपरीतला पोरगा संगणकावर फाइल उघडतो, प्रिंट मारतो, पैसे घेतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. बाई निघून जाते. तिची फाइल तिथंच राहते, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये, काल आलेल्या आणि गेल्या वर्षी आलेल्या शेकडो फायलींच्या गर्दीत. वाकडी आलेली प्रिंट टेबलाखालच्या खोक्यात पडते. खोकं भरलं की रद्दीवाला नेतो.

पोरगा चोर नाही. दिवसभर उन्हातान्हात बसून लोकांची कामं करतो. काम झालं की फाइल पुसून टाक, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. सांगायचं कुणी? रस्त्यापलीकडच्या कचेरीनं. तीच कचेरी एका दाखल्यासाठी चार-पाच कागदांच्या स्वयंसाक्षांकित प्रती मागते. त्या प्रती पुढं किती दिवस राहतात, कोण बघतं, कधी नष्ट होतात, हे विचारायची सोय नाही. विचारलंच तर 'द्यायचं असेल तर द्या, नाहीतर पुढच्याला येऊ द्या' हे उत्तर ठरलेलं.

२०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले गेले तेव्हा हे चित्र गावोगाव दिसलं. महिना १५०० रुपयांसाठी दोन कोटींहून अधिक बायकांची कागदपत्रं काही आठवड्यांत गोळा झाली. अंगणवाडी सेविकांनी जेवणखाण बाजूला ठेवून, रात्री जागून अर्ज भरले. त्यांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण हे अर्ज भरले गेले फोनवरून. म्हणजे गावातल्या शे-दोनशे बायकांचं आधार, खातं क्रमांक, फोटो एका फोनच्या गॅलरीत, घरच्या बारशाच्या फोटोंशेजारी. तो फोन उद्या बिघडला, दुरुस्तीला गेला, विकला गेला, तर? त्या फोटोंची जबाबदारी सेविकेची, तिच्या पर्यवेक्षिकेची, की मंत्रालयातल्या विभागाची? योजनेच्या जाहिरातींसाठी राज्यभर फलक लागले. या प्रश्नाच्या उत्तराचा एक फलक मला कुठं दिसला नाही.

सरकारला धोका माहीत नाही असं म्हणायची सोयच नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयानं एक सूचना काढली होती: आधारची झेरॉक्स कुणालाही देत जाऊ नका, गैरवापर होऊ शकतो, द्यायचीच तर शेवटचे चार आकडे दिसतील अशी झाकलेल्या क्रमांकाची प्रत द्या, परवाना नसलेल्या हॉटेलांना आणि सिनेमागृहांना आधारची प्रत घ्यायचा अधिकार नाही. शब्द न् शब्द खरा होता. दोन दिवसांत ती मागं घेतली गेली. कारण काय दिलं? लोक चुकीचा अर्थ काढतील. लोकांनी अगदी बरोबर अर्थ काढला होता, म्हणून तर गडबड उडाली. आजही लॉजच्या काउंटरवर आधारची अख्खी प्रत मागतात आणि झाकलेली दाखवली की मॅनेजर आपल्याकडे संशयानं बघतो.

आता कायद्याकडे येऊ.

खासगीपणा हा श्रीमंतांचा, शहरी, इंग्रजी बोलणाऱ्यांचा चोचला आहे, असं म्हणणारे बरेच भेटतात. 'ज्याला लपवायचं नाही त्यानं घाबरायचं कशाला?' हा त्यांचा आवडता प्रश्न. त्यांना भिवंडीची एक गोष्ट सांगायला हवी. १९६५ सालच्या नोव्हेंबरमधली रात्र. तिथला एक पोलीस निरीक्षक गणवेशात एका बाईच्या झोपडीत शिरला आणि त्यानं तिच्याकडे शरीरसुखाची मागणी केली. ती नाही म्हणाली, तेव्हा जबरदस्तीचा प्रयत्न केला. बाईनं आरडाओरडा केला, शेजारी जमले. निरीक्षकाला बडतर्फ करण्यात आलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथं बडतर्फी रद्द झाली, कारण ती बाई 'तसली' होती, तिच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा! सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये हा निकाल फिरवला. न्यायालयानं सांगितलं की तिचं चारित्र्य लोक काहीही म्हणोत, तिलाही खासगीपणाचा हक्क आहे. वाटेल त्यानं वाटेल तेव्हा तिच्या घरात घुसावं हे चालणार नाही.

पंचवीस वर्षं लागली. पण झोपडीच्या दाराला कायद्याची कडी लागली ती तिथं. गरिबालाच या हक्काची गरज जास्त असते, कारण ज्याच्याकडे उंच कुंपण आणि ओळखीचा वकील असतो त्याच्या घरात असं कुणी शिरत नाही.

त्यानंतरही सरकारची भूमिका काय होती? २०१५ मध्ये आधारच्या खटल्यात केंद्राच्या वतीनं महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयात मांडलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे की नाही हेच स्पष्ट नाही. आधार होता १९५४ च्या आणि १९६२ च्या दोन जुन्या निकालांचा. ज्यांच्या याचिकेमुळे हा वाद उभा राहिला ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले. २०१२ मध्ये याचिका केली तेव्हा ऐंशी ओलांडलेले. त्या वयात माणसं आरामखुर्ची शोधतात, त्यांनी सर्वोच्च न्यायालयाची पायरी गाठली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमुखानं सांगितलं: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातच तो आहे. जुने दोन्ही निकाल त्यापुरते मोडीत निघाले.

हक्क मिळाला. हक्काची अंमलबजावणी करणारा कायदा हवा होता. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं २०१८ च्या जुलैमध्ये मसुदा दिला. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेलं हे नाव. नेमून दिलेलं काम चोख करणारा माणूस. त्या मसुद्याचं काय झालं? २०१९ मध्ये बदललेलं विधेयक आलं, ते संयुक्त संसदीय समितीकडे गेलं, समितीनं दोन वर्षांनी अहवाल दिला, ऑगस्ट २०२२ मध्ये विधेयकच मागं घेतलं गेलं, नवा मसुदा आला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संसदेत मंजूर झाला. लोकसभेत ७ तारखेला, राज्यसभेत ९ तारखेला, राष्ट्रपतींची सही ११ तारखेला. सहा वर्षं रेंगाळलेलं काम पाच दिवसांत उरकलं. मग नियम यायला पुन्हा दोन वर्षं. ते आले नोव्हेंबर २०२५ मध्ये.

आणि इथं खरी मेख आहे. कायदा एका झटक्यात लागू झाला नाही, टप्प्याटप्प्यानं लागू करायचं ठरलं. हे टप्पे नीट वाचा.

नागरिकाला मिळालेले हक्क, म्हणजे माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे ते विचारायचा हक्क, चुकीची दुरुस्त करून घ्यायचा, पुसायला लावायचा, माहिती फुटली तर मला कळवा असं म्हणायचा हक्क, हे सगळं अठरा महिन्यांनी. म्हणजे मे २०२७ मध्ये. कंपन्यांना तयारीला वेळ हवा, हे कारण. ठीक आहे, मान्य करू. छोट्या उद्योगांना खरंच वेळ लागेल.

पण त्याच अधिसूचनेनं एक कलम तत्काळ लागू केलं. कलम ४४, उपकलम ३. या उपकलमानं माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला. त्याला तयारीचा वेळ लागला नाही. त्या दिवसापासून लागू!

आधी हे कलम काय म्हणत होतं? एखाद्याची वैयक्तिक माहिती, जिचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नाही, किंवा जी दिली तर त्याच्या खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होईल, ती नाकारता येईल. मात्र व्यापक जनहित असेल तर द्यावी लागेल. शिवाय एक सुंदर वाक्य जोडलेलं होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही नागरिकाला नाकारता येणार नाही. आमदार आणि आमदाराला मत देणारा, दोघं एका पातळीवर. आता त्या कलमात उरलंय एवढंच की वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती द्यायची गरज नाही. सार्वजनिक कामाची अट गेली. विनाकारण ढवळाढवळीची कसोटी गेली. आमदार-नागरिक बरोबरीचं वाक्यही गेलं.

रोजगार हमीच्या हजेरीपटावर मेलेल्या माणसाचं नाव असेल तर ते नाव वैयक्तिक माहिती. रेशन दुकानदाराच्या यादीतली बोगस कार्डं वैयक्तिक माहिती. अधिकाऱ्याचं जातीचं किंवा अपंगत्वाचं प्रमाणपत्र, ठेकेदाराचं नाव, बदलीच्या शिफारशीखालची सही, नावं वगळून यातलं काय उरतं? २०२४ मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून केवढं वादळ उठलं आणि लोकसेवा आयोगानं उमेदवारी रद्द केली, ते सगळ्यांना आठवत असेल. उद्या कुणी अशा प्रमाणपत्राची प्रत मागितली, तर जन माहिती अधिकाऱ्याला एका ओळीचं उत्तर पुरेल.

सरकारचं म्हणणं आहे की कलम ८(२) तसंच आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. हो, कलम जागेवर आहे. पण तालुक्याच्या पातळीवर माहिती अधिकाराचा अर्ज कसा निकाली निघतो हे ज्यानं पाहिलंय त्याला विचारा. नाकारायला छापील कारण मिळालं की अधिकारी तेच कारण लिहितो. पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, आणि तिथं तारीख लागेपर्यंत गैरव्यवहार करणारा निवृत्त होऊन पेन्शन घेत असतो. आधी जनहिताचा विचार त्या कलमाच्या पोटातच होता. आता नागरिकानं तो बाहेरून, दुसऱ्या कलमाचा हात धरून, भांडून आणायचा.

हे दार २०१२ पासूनच बंद होत चाललं होतं, हेही सांगायला हवं. गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सरकारी नोकराच्या सेवेची, शिस्तभंगाची, मालमत्तेची माहिती वैयक्तिक ठरवली, आणि राज्यभरातल्या माहिती अधिकाऱ्यांनी हा निकाल ढालीसारखा वापरला. त्या वेळी निदान जनहिताची फट होती. आता दार लागलं.

हे महाराष्ट्रानं मुकाट्यानं सोसावं, याचं दुःख जास्त आहे. केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५ चा. महाराष्ट्रानं आपला कायदा त्याआधी, २००२ मध्ये केला होता, अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी माहिती अधिकार वापरून जमिनींचे व्यवहार उघडे पाडत होते. जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. या राज्यात या हक्कासाठी माणसं मेली आहेत. तो हक्क खासगीपणाच्या नावाखाली कापला गेला. पुट्टस्वामी निकालात न्यायालयानं खासगीपणाचा हक्क माणसाला राज्यसंस्थेपासून वाचवायला दिला होता. कायद्यानं तो आधी राज्यसंस्थेच्या नोकरांना माणसापासून वाचवायला वापरला. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यातही माहिती अधिकारात बदल सुचवला होता, पण त्यात तराजू होता: माहिती दिल्यानं होणारं नुकसान जनहितापेक्षा जड असेल तरच नाकारा. तो तराजूच काढून टाकला.

दुसरी गोष्ट पैशांची.

नव्या कायद्यात दंडाचे आकडे डोळे दिपवणारे आहेत. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत. माहिती फुटल्याचं कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. वाचून बरं वाटतं. आता विचारा, हे पैसे कुणाला? भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्या बाईची माहिती फुटली, जिच्या नावावर कुणीतरी कर्ज काढलं, जिचे फोटो विद्रूप करून नातेवाइकांना पाठवले गेले, तिला? शून्य. चोरी माझ्या घरी झाली, चोर सापडला, त्याच्याकडून वसुली झाली, आणि माझी भांडी सरकार घेऊन गेलं, असा हा न्याय.

हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही. आज आपल्याकडे भरपाईची सोय आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ४३अ, २००९ पासून लागू असलेलं. एखाद्या कंपनीनं पासवर्ड, बँकेची, आरोग्याची किंवा बायोमेट्रिक माहिती सांभाळताना हलगर्जीपणा केला आणि तुमचं नुकसान झालं, तर तिनं तुम्हाला भरपाई द्यायची. या कायद्याखालचे दावे ऐकायला न्यायनिर्णय अधिकारी असतो, आणि राज्यात हे काम माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे असतं. पाच कोटींपर्यंतचा दावा त्यांच्यापुढं चालतो. मुंबईत मंत्रालयात हे प्रत्यक्षात घडलंय. पुण्यातल्या एका उद्योजकाच्या खात्यातून फसव्या ईमेलच्या आधारे ८० लाखांच्या आसपास रक्कम वळवली गेली होती. त्यानं त्या ईमेलला उत्तर दिलं होतं, म्हणजे त्याचीही थोडी चूक होती. पण बँकेची जबाबदारी तेवढ्यानं संपत नाही, असं म्हणत तत्कालीन सचिव राजेश अग्रवाल यांनी २०१३ मध्ये बँकेला ४५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. ग्राहकानं चूक केली म्हणून बँकेनं हात झटकायचे नाहीत, एवढं साधं तत्त्व. सामान्य माणसाच्या बाजूनं सरकारी अधिकाऱ्यानं खुर्ची वापरली, असं क्वचित वाचायला मिळतं.

हे कलम ४३अ नवा कायदा रद्द करतो. मे २०२७ मध्ये, नागरिकांचे हक्क लागू होतील त्याच दिवशी. एका हातानं द्यायचं, दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात भरपाई होती. २०१९ च्या विधेयकातही होती. युरोपच्या कायद्यात २०१८ पासून आहे, आणि तिथं पैशांत न मोजता येणाऱ्या मनस्तापाचीही भरपाई मागता येते. आपल्या कायद्यातून ती कुणी, कुणाच्या सांगण्यावरून काढली? संसदेत हा प्रश्न घसा फोडून विचारायला हवा होता. शिवाय या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाच्या अखत्यारीतल्या बाबींवर दिवाणी न्यायालयात जायचंही नाही, असं कायदा सांगतो. म्हणजे ते दारही बंद.

नागरिकाच्या पदरात मात्र एक दंड पडलाय. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर त्याला १० हजारांपर्यंत दंड. कुठली तक्रार क्षुल्लक, हे मंडळ ठरवणार. शेतमजूर बाई १० हजारांच्या भीतीनं तक्रार करेल का? हे कलम कुणाला गप्प बसवायला आहे ते उघड आहे.

तक्रार करणाऱ्याकडेच बोट दाखवायची ही खोड जुनी आहे. जानेवारी २०१८ मध्ये 'द ट्रिब्यून'च्या पत्रकार रचना खैरा यांनी ५०० रुपये देऊन, दहा मिनिटांत, आधारच्या माहितीपर्यंत पोचवणारं लॉगिन मिळवून दाखवलं. आभार मानायला हवे होते. प्राधिकरणाच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवला गेला आणि त्यात त्या पत्रकाराचंही नाव होतं. जून २०२३ मध्ये लसीकरणाच्या कोविन यंत्रणेतली माहिती टेलिग्रामवरच्या एका बॉटवर मोबाइल क्रमांक टाकला की मिळत होती. आरोग्य मंत्रालयाचं पहिलं उत्तर होतं की बातम्या निराधार आणि खोडसाळ आहेत. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हल्ल्यात बंद पडले आणि एवढ्या मोठ्या सरकारी रुग्णालयात कित्येक दिवस हातानं केसपेपर लिहावे लागले. रुग्णांच्या आजारांच्या नोंदींहून खासगी दुसरं काय असतं?

आणि या सगळ्यावर देखरेख करणार कोण? डेटा संरक्षण मंडळ. अध्यक्ष आणि सदस्य नेमणार केंद्र सरकार. अध्यक्ष शोधणाऱ्या समितीच्या प्रमुखपदी कॅबिनेट सचिव. सदस्यांची मुदत दोन वर्षं, पुन्हा नेमणूक होऊ शकते. दोन वर्षांनी ज्याच्या दारात मुदतवाढीसाठी उभं राहायचं, त्याच्याविरुद्ध निकाल देणारा माणूस विरळा. देशात सर्वाधिक लोकांची सर्वाधिक माहिती सरकारकडेच आहे, हे लक्षात घेतलं तर हा दोष किरकोळ राहत नाही. त्यात कलम १७ नुसार केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला सुरक्षा, सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी या कायद्यातून पूर्ण वगळू शकतं. लाभ आणि सवलती देण्यासाठी सरकारी नोंदींत आधीच असलेली माहिती पुन्हा संमती न विचारता वापरताही येते. लाडक्या बहिणींनी दिलेले कागद आठवा.

सुरक्षेसाठी पाळत कधीच ठेवू नये, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. २६/११ पाहिलेल्या शहराला ते सांगायला नको. पण पाळतीला नियम असतात आणि ते पाळले नाहीत तर न्यायालय हटकतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे केंद्रीय गृहखात्याचे तीन आदेश बेकायदा ठरवून रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं. आरोप लाचेचा होता, गंभीर होता. तरीही सार्वजनिक सुरक्षेचं कारण नसताना फोन ऐकता येत नाही, हे न्यायालयानं ठणकावलं. न्यायालयाचा हा कणा नव्या मंडळाला कुठून येणार?

एक गोष्ट चांगली झाली, तीही नोंदवतो. कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधली नावांची यादी, कॉलच्या नोंदी आणि फोटो उघडू नयेत, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये बजावलं. पाच हजारांच्या कर्जासाठी मेहुण्याला, मुलीच्या शाळेतल्या बाईंना धमक्यांचे फोन जायचे, त्या छळाला नियमात तरी आळा बसला. नियमाबाहेरची ॲप अजून फिरतात. पण नियामकाला मनात आणलं तर चार ओळींत नेमकं लिहिता येतं, हे त्यातून दिसलं.

तेव्हा मागण्या दोनच, आणि दोन्ही एका छोट्या दुरुस्ती विधेयकात बसतील. माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) जसं होतं तसं परत करा. आणि दंडाची रक्कम तिजोरीत जाण्याआधी, जिचं नुकसान झालं तिला भरपाई द्या. श्रीकृष्ण मसुद्यातलं ते कलम तयारच आहे, नुसतं उचलून ठेवायचंय. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात, राज्यसभेत १९. पक्ष कुठलाही असो, आपल्या खासदाराला या दोन ओळी लिहून पाठवा आणि उत्तर मागा.

कलम ४३अ तोवर जिवंत आहे. तुमच्या बँकेच्या, विम्याच्या, दवाखान्याच्या नोंदी कंपनीच्या हलगर्जीपणामुळे फुटल्या आणि तुमचं नुकसान झालं असेल, तर नुसती सायबर पोलिसांकडे तक्रार करून थांबू नका. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे न्यायनिर्णय अधिकारी म्हणून भरपाईचा रीतसर अर्ज करा, पुरावे जोडा, पोच घ्या. मे २०२७ च्या आत.